खुडूक

नोव्हेंबर लागला,
बटाट्याचे कोंब मातीतून डोकावले
आणि पास्कुआला खुडूक झाली.

तशी शहाणी कोंबडी. बिनशेपटीची,
निळसर अंडी घालणारी, खुराड्यात पहिला मान तिचा.
दाणे टाकले की आधी तिची चोच,
मग बाकीच्या सहाजणींची.
तीच आता कोपऱ्यातल्या पेटीत
ओल्या घोंगडीसारखी पसरून बसलीय.
हात नेला की अंग फुगवून गुरगुरते.
कोंबडी गुरगुरते, हे मला
लग्न करून या बेटावर येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

छातीची पिसं स्वतःच उपटली तिनं.
तुरा फिकटला.
दिवसातून एकदा उठते,
शिंपल्यांच्या चुऱ्यात चार चोची मारते,
एकच भलीमोठी घाण टाकते
(वास तीन घरं पुरतो)
आणि धावत परत पेटीत.

खाली काय? काही नाही.
अंडी मी रोज काढून घेते.
परवा पाहिलं तर जाळ्याचा एक फुटका बोया
आणि दोन जांभळे बटाटे.
तेही तिनं उलटून ठेवले होते,
सगळीकडून ऊब लागावी म्हणून.

कोंबडा जूनमध्येच रश्शात गेला.
उजाडायचं त्यानं काही राहिलं नाही,
पण अंडी तेव्हापासून नुसतीच अंडी.
हे तिला कुठल्या भाषेत सांगू?

थंड पाण्यात बुचकळ, म्हणाली दोन्या एदुविना.
मला धीर झाला नाही.
सेफेरिनोचा खेकड्यांचा जुना पिंजरा पडला होता,
तो आढ्याला टांगला, पाणी ठेवलं, दाणे ठेवले,
आणि तिला आत घातलं.
खालून वारा लागतो, पोट गार पडतं,
पोट गार पडलं की डोकं ताळ्यावर येतं.
पहिली रात्र ती ओरडली. दुसरी रात्र मी जागी.
चौथ्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं
ते पूर्वीसारखं,
दुकानदार उधारीच्या गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं.

मग मी चूक केली.
भर दुपारी तिला अंगणात सोडलं.

तेवढ्या दिवसांत राज्य बदललं होतं.
कोलोराडा, जी कायम शेवटून दुसरी,
ती दाण्यांच्या मधोमध उभी.
सगळ्या मिळून धावल्या पास्कुआलाच्या अंगावर.
तुऱ्यातून रक्त आलं.
ती ढकलगाडीखाली शिरली ती अंधार पडेपर्यंत.

रात्री ठेवायचं असतं गं, एदुविना म्हणाली,
अंधारात, दांडीवर, इतरांच्या मधे.
सकाळी त्या उठतात
आणि त्यांना वाटतं, ही तर इथंच होती.

तोंडात बॅटरी धरून मी तसंच केलं.
सहा उबदार पाठी चाचपल्या,
दोघींमध्ये बोटभर जागा केली,
तिला सरकवलं. कुणीतरी झोपेत कुरकुरलं. एवढंच.

गेल्या वर्षी सेफेरिनो
दक्षिणेच्या बोटींवरून सात महिन्यांनी आला
तो असाच दुपारी, दोन पिशव्या घेऊन.
कुत्रं भुंकलं.
चुलीजवळच्या खुर्चीवरून धाकटा उठला नाही.
थोरली यास्ना त्याच्याशी पाहुण्यासारखं
जपून जपून बोलली.
चमचे कुठल्या खणात आहेत हे त्याला सापडेना,
आणि मीही,
देवा, मीही उठून दिला नाही चमचा.

या शनिवारी यायचाय.
शेवटच्या बोटीनं ये, असं मी कळवलं,
मुलं झोपल्यावर.
का, त्यानं विचारलं.
स्वस्त पडते, म्हटलं.

पास्कुआला आता दांडीवर तिसरी बसते, पहिली नाही.
जांभळ्या बटाट्यांना मोड आले होते,
ते मी वाफ्याच्या कडेला पुरले.

बोटीचं भाडं सकाळ-संध्याकाळ सारखंच असतं,
हे सेफेरिनोलाही ठाऊक आहे.
बरं, म्हणाला.