मागल्या दारची खोली

मनोरीच्या घराला मागल्या दारी
दहा बाय आठची काचेची खोली काढायचं ठरलं
तेव्हा भाऊंना दिसेनासं होऊन दोन वर्षं झाली होती.
डाव्या डोळ्यात थोडा उजेड उरला होता,
दार किलकिलं राहावं तेवढा.

जन्मभर त्यांनी गोदीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या.
म्हणून आधी मोजणी, मग विटा.
कार्तिकात रोज सकाळी मी मागल्या पडवीत खुर्ची टाकायची,
ते सांगायचे, "घोट्यावर आलं,"
मी खडूने रेघ ओढायची, वेळ लिहायची.
"गुडघ्यावर." आठ चाळीस.
"आता मनगटावर, घे." नऊ दहा.
पौषात ऊन दक्षिणेला सरकलं,
मार्टिसांच्या चिंचेआड अर्धा तास हरवलं,
तेही त्यांनी वहीत घ्यायला लावलं:
चिंच, सव्वानऊ ते पावणेदहा.

इनास फॅब्रिकेटर आला, टेप काढली,
आणि पश्चिमेला हात करून म्हणाला,
"काका, दर्या तिकडं आहे."
"ठाऊक आहे. साठ वर्षं माझे खिळे खातोय तो."
खोली पूर्वेलाच.

मग स्क्रूंची परीक्षा.
फ्रिजवरचा लोहचुंबक मागवला भाऊंनी,
चहाच्या बशीत एकेक स्क्रू ओतून घेतला,
जो चिकटला तो परत.
इनास आधी हसला, मग गप्प झाला,
मग तोच म्हणाला, "हे चार पण राहू द्या, मला शंका आहे."

निघताना मात्र चपला घालत थांबला.
"राग मानू नका काका, पण काचेचा खर्च कशाला?
फायबरचा पत्रा मारतो, धुरकट,
ऊब तेवढीच लागेल."
मी कपबशा उचलल्या, पुन्हा ठेवल्या.
कोणीतरी हे विचारायलाच हवं होतं
आणि मी विचारलं नव्हतं.

भाऊ म्हणाले,
"पत्र्याआड बसलो तर मी कोणाला दिसणार?"

काचा मार्व्याहून बोटीने आल्या.
लॉरी भाईंदरवरून फिरून येते, वर तोंडाला येईल तो भाव सांगते.
चार काचा, जुन्या गोधड्यांत बांधलेल्या,
उभ्या धरलेल्या, जशी लग्नाला निघालेली म्हातारी माणसं.
मधेच एक गोधडी घसरली:
काचेतून खाडी, काचेवर खाडी,
आणि दोन्हींच्या मधे
तौफिकचा घाबरलेला अंगठा.

त्यातली एक अर्धा इंच जास्त निघाली.
टफन केलेली काच कापता येत नाही,
कापायला गेलं की साखर होते.
मग चौकटच बदलली,
म्हणून ईशान्येचा कोपरा काटकोनात नाही,
भाऊंनी बोट फिरवून लगेच ओळखलं,
बोलले नाहीत काही.

आता श्रावण.
काच आतून घामेजते, बाहेरून मिठाने पांढरी होते,
दर रविवारी मी व्हिनेगरचं पाणी घेऊन शिडीवर.
वरच्या दोन झडपा कायम उघड्या ठेवायच्या,
कोंडलेली खारी हवा आतूनच पोखरते, इनासचं म्हणणं.
ऊन कधी येतं, कधी दहा मिनिटांत परत जातं.
भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसतात.
पूर्वी घरात बनियनवर असायचे.

गल्लीतून जाणारी माणसं हात करतात.
पाववाला घंटी वाजवतो, ते त्यांना कळतं.
बाकीच्यांचं कसं कळणार,
म्हणून थोड्या थोड्या वेळाने
ते अंदाजानेच हात वर करतात,
नोंद करावी तसा.
कधी समोर कोणी असतं.
कधी फिलोमिनाबाईंची कोंबडी असते.
मी सांगत नाही.

तो कोपरा मात्र गळतोच.
तिथे टॉवेल कोंबून ठेवलाय.
मोतमाउलीच्या जत्रेनंतर येतो म्हणालाय इनास.