दुसरं आमेन

छाटणीच्या दिवसांत मणेराजुरीत आला तो,
केपकडचा, अब्राम जाफ्ता.
घड कसा विरळायचा ते शिकवायला.
शनिवारी सांजेला कात्री पुसता पुसता
दोन्ही पाती आडवी-उभी धरून
त्यानं मला खूण केली: क्रूस?
मी म्हटलं, आहे. सकाळी नऊला.

मी शांतवन, फवारणीचा ट्रॅक्टर चालवतो.
गावात आमची सात घरं.
पत्र्याखाली सतरंजी, पेटीचा एक सूर बसका.
तो मागं बसला, गुडघे कसेबसे दुमडून,
गीतात नुसता गुणगुणला.

मग प्रभूची प्रार्थना. आम्ही मराठीत,
तो त्याच्या खरखरीत बोलीत.
आमची संपली. त्याची संपेना.
एकटाच आवाज, पत्र्याला लागून परत येणारा.
कुणी डोळे उघडले नाहीत.
पाळक रणभिसे, एरवी ज्यांचा जीव
मिरजेच्या एसटीत अडकलेला,
तेही थांबले.
त्याचं आमेन आलं
तसं आम्ही आमचं पुन्हा म्हटलं.

प्याल्यातला रस मात्र त्याला रुचला नाही.
बाहेर येऊन चिमटीनं दाखवलं: गोडी एवढीशी कमी.
एस्तेरमावशी म्हणाली,
"बेदाणे तुझ्याच मालकाचे, बाबा."
मी सांगितलं त्याला, हातवाऱ्यांनी.
भर उन्हात हसत सुटला.

फेब्रुवारीत गेला तो, माल निघाल्यावर.

अजून प्रार्थना संपली की
पाळक लगेच पुढं जात नाहीत.
पोरं चुळबुळतात.
मावशी डोळे मिटूनच पुटपुटते,
तिकडं आता सहा वाजले असतील,
उठला असेल.