शिंगाचं माप

माप पिळावरून घ्यायचं,
सरळ नाही, फुल्जेंस बजावतो.
आल्दोन्यातल्या त्याच्या घरात मी शिडीवर,
टेप शिंगाच्या वळणात बसवत;
तो खाली, एकाच पायात सपात.

बावन्न इंच, आणि वर थोडं.
"थोडं म्हणजे किती?"

बैराच्या रेल्वेत कारकून होता तो.
सुट्टी काढून तीन दिवस काटेरी रानात,
पुढे माग काढणारा सामुसोन,
लेंडी चिमटीत धरून म्हणायचा : गरम.
कुडू राखाडी. उभा राहिला की रानच होतो.
मग उडतो, पळतो, सुटलाच म्हणावं
तर थांबतो एकदा,
मागे वळून बघतो.
"बस, तेवढाच वेळ मिळतो रे."

गोळी कुणाची, हे मी कधी विचारलं नव्हतं.
आज त्यानंच सांगितलं, चष्मा पुसता पुसता :
माझी झाडाला लागली.
सामुसोननं बंदूक घेतली हातातून, न विचारता.
फोटोत मात्र मी एकटा.
सामुसोननंच काढला तो.

शिंगांना कसर लागलीय. भुसा गळतो
एर्मेलिंदानं नुकत्याच पुसलेल्या लादीवर.
"उतरवा एकदाचा तो बोकड,"
आतून तिचा आवाज, आणि खोबरं किसल्याचा.

मी रॉकेलचा बोळा खाचेत फिरवतो,
पिळामागून पिळ, टोकापर्यंत.
खाली बराच वेळ कुणी बोललेलं नाही.
बघतो तर फुल्जेंस दारापाशी पोचलेला,
एक पाय बाहेर, सपातीचा,
मान वळवून
वर बघतोय.