तिसरी किल्ली

धनकवडीहून बोलावणं आलं, कुलूप अडकलंय म्हणून.
दारावरची पाटी वाचलीत तुम्ही,
साडेतीन वर्षं कोर्टात ऐकलेलं आडनाव,
तरी पेटी उघडलीत, कानस काढलीत.
दोन किल्ल्या त्या बाईंच्या हातात दिल्यात.
तिसरी घरी आणलीत.

मला ती हिंगाच्या डबीत सापडली.
मी विचारलं नाही. झाकण लावलं, कणीक मळली.
खोटं कशाला बोलू,
रेणू गेल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा
मला सलग झोप लागली.

मग रविवार पेठेतलं दुकान सहालाच बंद व्हायला लागलं.
तो कधी येतो, गाडी कुठे लावतो,
टेम्पो विकून कुरिअरचं काम धरलंय,
गुरुवारी आई मठात जाते तेव्हा घरात एकटाच,
चहा बिनसाखरेचा.
हे सगळं तुम्ही जेवताना सांगायचात
आणि मी अजून थोडा भात वाढायचे.

परवा सहज म्हटलं,
उद्या शेवयांची खीर करते, तिला आवडायची.
तुम्ही म्हणालात, "कुणाला?"

घास हातातच राहिला तुमच्या.
मग घाईघाईने चाचपडू लागलात,
भांग डावीकडे पाडायची ना?
की उजवीकडे?
त्याच्या हेल्मेटवरचा चरा मात्र
तुम्ही डोळे मिटून काढून दाखवला असता.

म्हणून गुरुवारी मी गेले, मठाच्या वेळेआधी.
बाई लसूण सोलत होत्या, तशाच दारात आल्या.
मला ओळखलं नाही. कोर्टात त्या कधी आल्याच नव्हत्या.
किंवा ओळखलंही असेल.
"किल्लीवाल्यांकडून आले. एक राहिली होती."
आतून कुणीतरी खोकलं.
माझी मूठ उघडेना.
आधी करंगळी सुटली, मग बाकीची बोटं.

पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "किती द्यायचे?"
"पन्नास."
का म्हणाले, मला अजून कळत नाही.
त्यांच्याकडे शंभराची नोट होती,
माझ्याकडे सुटे नव्हते.
"राहू द्या, द्या सवडीने," म्हणाल्या.

नोट हिंगाच्या डबीत ठेवलीय.
रागवायचं तर रागवा, मी ऐकून घेईन.
खीर झाकून ठेवलीय, गार झाली असेल.
भांग ती मधोमध पाडायची.

आणि त्यांचे पन्नास रुपये
कुणी नेऊन द्यायचे,
ते तेवढं सांगा.