डोळा लागणे

माझ्या बाकाच्या उजव्या खणात
एकशे चौदा डोळे आहेत.
सगळे उताणे. सगळे मी फुंकलेले.
कुणाचं बुबुळ फिकं, कुणाची शीर जाड,
एकाला तर मध्यरात्री तडा गेला,
टिचकी वाजल्यासारखा आवाज झाला
आणि वरच्या खोलीत मी उठून बसले.
खण उघडला की ते बघतात.
वटारत नाहीत. नुसते बघतात.
वटारले असते तर बरं झालं असतं.

जानेवारीत हात थरथरू लागल्यावर
मास्टर फोल्कमार किल्ली बर्नरशेजारी ठेवून गेले.
जाताना एवढंच म्हणाले,
"गॅस बंद करायला विसरू नकोस, फ्रांका."
अकरा वर्षं मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते.
आता माझ्या खांद्यामागे कुणी नाही,
तरी कुणीतरी उभं असतंच.

दारावरच्या पाटीवर अजून त्यांचं नाव.
लोक फोनवर विचारतात, मास्टर आहेत का?
मी म्हणते, थांबा हं,
आणि थोडं थांबून
पुन्हा मीच बोलते.

मंगळवारी फ्राउ झोबिश आल्या, केम्निट्सहून.
पूर्वी ट्राम चालवायच्या, आता डेपोत हिशेब लिहितात.
उजव्या डोळ्यावर पट्टी, मांडीवर पर्स,
पर्स दोन्ही हातांनी धरलेली.
खिडकीबाहेर थुरिंगियाच्या डोंगरावर एप्रिलचा उशिरा पडलेला बर्फ.
गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसलो.
आमच्या धंद्यात असंच असतं:
उरलेला डोळा समोर ठेवायचा
आणि ज्योतीत त्याचा जुळा फुंकायचा.

मी पाहिलं. राखाडी.
नाही, राखाडीत हिरवा. कडेला तपकिरी डाग,
चहा सांडून पुसल्यावर राहतो तसा.
पुढ्यात काचेच्या बावीस कांड्या
आणि त्या रंगाची एकही नाही.
पहिला खणात गेला. एकशे पंधरा.
दुसऱ्याची बाहुली पसरली. एकशे सोळा.
घामाने नळी बोटांत फिरेना.
वाटलं, सांगून टाकावं,
बाई, चुकीच्या दारात आलात,
पाटीवरचा माणूस आता मधमाश्या पाळतो.

"नेमका कुठला रंग शोधताय?" त्यांनीच विचारलं.
"सकाळी हा निळसर असतो.
रात्रपाळीनंतर गढूळ.
नवरा गेला त्या आठवड्यात इतका हिरवागार होता
की आरशासमोर मलाच लाज वाटली.
यातला कुठला करणार?"

ज्योत फुरफुरत राहिली.
इतकी वर्षं मी धरून चालले होते
की रंग एकच असतो
आणि तो फक्त मास्टरांना दिसतो.

"आत्ताचा," मी म्हणाले.
माझाच आवाज, पण जरा अनोळखी.
"अकरा वाजून वीस मिनिटांचा.
बर्फाचा उजेड खिडकीत आहे तोवरचा."
"मग बोलत काय बसलात?" त्या म्हणाल्या.

लाल काचेचा दोरा, केसाहून बारीक.
पांढऱ्यावर सात शिरा ओढल्या.
सातवी वाकडी गेली.
खणाकडे हात जाणार, तेवढ्यात दिसलं:
समोरच्या डोळ्यातही एक वाकडी होती.
पहाटेपासून असावी. किंवा जन्मापासून.

डबीत निवू दिला. धुतला. बसवला.
आरसा पुढे केला आणि मी फरशी बघत राहिले.
फरशीला बर्नरच्या ठिणग्यांचे डाग आहेत,
त्यांतले निम्मे माझे.
पर्सची चेन वाजली.
रुमाल काढत असतील, मी समजून गेले.

त्यांनी कंगवा काढला.
पट्टीखाली दबलेले केस मोकळे केले,
भांग पाडला, मोडला, पुन्हा पाडला.
मग म्हणाल्या, "पावती कुणाच्या नावाची देणार?"

संध्याकाळी गॅस बंद केला. दोनदा तपासला.
खणातले एकशे सोळा तिथेच राहतील,
मी त्यांना फेकणार नाही.
उद्या साडेआठला एक पोरगा येतोय, काळ्याभोर डोळ्याचा,
आणि काळा सगळ्यांत अवघड;
आत्तापासूनच बोटं गार पडलीत.
तरी त्या रात्री
त्यांना लागला तसा
मलाही डोळा लागला,
गजर लावायचा राहूनच गेला.