सात, अकरा, तीन, सात

बाबांच्या गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लावल्यात,
भरती-ओहोटीच्या तक्त्यावर,
एकाच चुंबकाखाली.
बाबा म्हणतात, दोन्ही एकच.
पाणी चढलं की होडी काढायची,
उतरलं की खडकावर बसून राहायचं, बोभाटा न करता.

मी कोपनहेगनला असते, प्रयोगशाळेत.
उंदरांच्या मेंदूचे काप करते, केसाच्या निम्म्या जाडीचे,
रंगात बुडवते, काचेवर पसरते
आणि मोजते.
आठ वर्षं हेच. आई शेवटपर्यंत क्लाक्स्विकभर सांगत होती, पोरगी डॉक्टर आहे.

आजारी बाजूचा काप भुरकट दिसतो. ओस.
लेवोडोपा दिलेल्या उंदराचा ठेवावा,
तर पेशीपेशीत काळा ठिपका:
इथे एक जनुक बोललं,
इथे आणखी एक, तिकडे शेकड्यांनी,
जसे आमच्या कड्यावर वसंतात पक्षी उतरतात,
काल कुणी नव्हतं, आज पाय ठेवायला जागा नाही.

घरी एवढंच ठाऊक होतं, गोळी म्हणजे दिव्यात तेल.
नाताळात मी सांगितलं,
तेल घालायला आलेली ती घरातलं सामानही हलवते.
कुठल्या जनुकाला बोलतं करायचं, कुणाला गप्प बसवायचं,
रोज चार वेळा.
काही पेशींत विस्कटलेलं जागच्या जागी लावून देते.
शेजारच्याच पेशींत मात्र
जे कधी हललंच नव्हतं, तेही ओढून काढते.

"बहुतेक पक्षी संध्याकाळपर्यंत उडून जातात," मी म्हटलं,
"पण फॉस-बी नावाच्यांत एक आहे, शेपूट तुटलेला.
तो हलत नाही.
गोळी ओसरते, तो बसलेला. आठवडे जातात, बसलेला.
पुढची गोळी येते, तेव्हा जागा त्यानेच धरलेली."

बाबांनी स्वतःच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं.
तो नाचत होता, रोज बारा ते एक नाचतो तसा,
आपल्या मर्जीने.
"म्हणजे हा त्याचा नाच," ते म्हणाले. "साखळीतून सुटलेला."

दाराच्या उंबऱ्यावर त्यांचे पाय थिजतात.
पण सभागृहात हातात हात घेऊन गोल फिरताना,
दोन पावलं पुढे, एक मागे,
मध्यरात्र उलटली तरी थिजत नाहीत.
हे कुठल्या ठिपक्यात बसतं, मला माहीत नाही.
विचारलंय मी. माझ्या साहेबांनाही माहीत नाही.

वाळवलेलं मटण गोळीच्या वेळी खायचं नाही:
दोघं एकाच दरवाजाने आत जातात
आणि मटण धक्काबुक्की करतं.
अकराला पाच कमी असताना
खोपटातून सुरीचा आवाज आला.
मी रेडिओ मोठा केला.

फेब्रुवारीत त्यांनी फॉर्म भरला. मेल्यावर मेंदू आमच्याकडे.
मुद्दाम बारा वाजता, पाणी चढलेलं असताना.
एरवी त्यांची सही मुंगीएवढी होत जाते,
शेवटचं अक्षर कागदात जिरतं.
ही ऐसपैस, रकाना ओलांडून गेलेली.
नर्स म्हणाली, जुनीशी जुळत नाही, खरी कुठली?
"वेळ लिहा बाजूला," बाबा म्हणाले.

मग मला: "तूच मोजणार ना?"
नात्यातल्या माणसाचा काप आम्ही घेत नाही, तसा नियम आहे.
मी म्हटलं, हो.
"दोर कमरेला बांध," ते म्हणाले.
"पक्षी मोजताना माणूस खाली बघायला विसरतो."