छाणी जकात नाका

जकात उठली, त्याला किती वर्षं झाली,
तरी रिक्षावाले अजून ओरडतात : नाका, नाका, छाणी नाका!
मी तिथं बावीस वर्षं पावत्या फाडल्या.
ट्रकच्या फळीवर काठी आपटून विचारायचो,
शुं भर्युं छे? माल कुणाचा?
ड्रायव्हर म्हणायचे, आपल्याला काय खबर, साहेब,
आपण पोचवणारे.
एकालाही कधी खरं मानलं नाही.

धाकटीकडे ऑकलंडला निघालो
तर आठवडाभर दाराची बेल थांबेना.
हसुमतीबेन मेथीदाणे घेऊन आल्या,
"लेता जजो ने भाई, वजन ज क्यां छे!"
ताम्हाणे वहिनींचं मेतकूट,
दिघ्यांच्या नातवाचा चष्मा,
लीलो चिवडा चार घरांतून आला,
चारही पुडे एकाच दुकानातले.
ताणकाट्याला बॅग लटकवून हिनं जाहीर केलं :
तेवीस किलोत तुमचे कपडे पाच.

घोरपडे सगळ्यांच्या मागून, रात्री,
चपला न काढता दारातच उभा.
मांजरपाटाची पुडी, हातानं शिवलेली,
टाके वाकडे.
"यशोधनला दे."
काय आहे?
"आहे थोडं."
बाप-लेकाचं बोलणं बंद झालं, ते कोणत्या साली
हे साऱ्या सोसायटीला पाठ.
बावीस वर्षं नाक्यावर काढलेला मी,
पुढचं विचारलं नाही.

विमानात फॉर्म आला.
बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?
दुसऱ्या कुणाचं काही आणलंय का?
शेजारचा पोरगा म्हणाला, अंकल, नाही लिहा, सुटाल.
नाही म्हणणारे मी खूप पाहिलेत, बाळा,
भुशाखाली तुपाचे डबे घेऊन.
हो, हो, हो. खुणा करत गेलो.

हातमोजे घातलेली मुलगी होती.
मेथीदाणे गेले पिवळ्या डब्यात,
मेतकूट तिनं हुंगलं, शिंकली, परत दिलं.
मग पडद्यावर बोट : आणि हे?
पुडीत काहीतरी लांब, धातूचं, दांडा असलेलं.
म्हणालो, मला माहीत नाही,
मी फक्त पोचवणारा.
आणि फळीवर काठी वाजली,
इतक्या लांब.

तिनं टाके उसवले, एकेक, न घाई करता.
तबल्याची हातोडी.

तबला-डग्गा, गाद्या, पेटीसुद्धा
घोरपड्यानं मांडवीत विकून टाकली होती,
पोरगं बारावीत गचकलं त्या आठवड्यात.
मीच टेम्पो ठरवून दिला होता.
हातोडी राहून गेली असणार.
किंवा ठेवली असणार.

हत्यार आहे का? तिनं विचारलं.
माझ्या इंग्रजीत बसलं तेवढं सांगितलं :
ड्रम. ट्यूनिंग. फ्रेंड्स सन.
किंमत?
नाक्यावर असतो तर बीजक मागितलं असतं.
शून्य लिहिलं.

तीन महिन्यांनी परतलो. सकाळी घोरपडे ओट्यापाशी हजर.
उघडली त्यांनी, मी म्हणालो. किंमत विचारली.
"मग?"
शून्य लावली.
"शून्य कशी? दोनशे सत्तर मोजलेत मी,
सूरसागरवरच्या दुकानात, रोख!"
खरोखरच रागावला.
रस्त्यावर नाका, नाका चाललं होतं.
बऱ्याच वेळानं,
"काही बोलला?"
हातोडी बाजूला ठेवली त्यानं.
ते फडकं बघत बसला. विचारलं, शिवलं कुणी.
"मग?"
सांगितलं.
"मग?"
म्हणाला, बाबा अजून वाकडेच घालतात.

घोरपड्यानं चपला काढल्या,
पाय वर घेऊन बसला.